बाबांचा टक्सिडो आणि आईची पैठणी

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही दोघं मिरजेला असतो. हे बँकेतून निवृत्त झाले, मी शाळेतून. लेक-जावई कॅलिफोर्नियात, बे एरियात. मे महिन्यात आम्ही तीन महिन्यांसाठी तिकडे जातोय आणि जूनअखेरीला जावयांनी सगळ्यांसाठी अलास्काची क्रूझ बुक केली आहे. सिएटलहून निघून सिएटललाच परत, सात रात्री, प्रिन्सेस कंपनीची बोट. लेकीने सामानाची यादी पाठवली, त्यात ‘दोन फॉर्मल नाइट्स’ असं लिहिलंय, म्हणजे त्या दोन रात्री जेवायला नटूनथटून जायचं. तेव्हापासून घरात महाभारत सुरू आहे. जावई म्हणतात, बाबांसाठी टक्सिडो, म्हणजे तो काळा सूट आणि बो, भाड्याने घेऊ, १८० डॉलर पडतील. हे म्हणतात, बँडवाल्याचा कोट घालून मी जेवायला बसणार नाही, मी आपला बुफेत जेवेन. मला माझी पैठणी न्यायची आहे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला येवल्याहून घेतली आणि नंतर दोनदाच नेसले. लेक म्हणते, आई, इतकं भारी नको, सगळे बघत बसतील. तुला इथे एक काळा गाऊन घेऊ. नातू तेरा वर्षांचा, तो हुडी सोडायला तयार नाही. मी कोणाचं ऐकू?

वि. कु., मिरज

उत्तर:

वि. ताई,

टक्सिडोच्या बाबतीत यजमानांचं ऐका. पैठणीच्या बाबतीत तुमच्या मनाचं ऐका, पण लेकीचा मुद्दा अगदीच झटकून टाकू नका. जावयांचा हेतू चांगला आहे, तरी १८० डॉलर त्यांच्या खिशातच राहू द्या.

आधी बोट काय म्हणते ते बघू, कारण घरोघरी या विषयावर जे बोललं जातं ते बहुतेक सिनेमात बघितलेलं असतं. प्रिन्सेसच्या फॉर्मल रात्रीला पुरुषांसाठी टक्सिडो चालतो, गडद सूट चालतो, डिनर जॅकेट आणि पँटही चालते. बायकांसाठी इव्हनिंग गाऊन, कॉकटेल ड्रेस किंवा नीटनेटका पँटसूट. म्हणजे टक्सिडो हा तीनांतला एक पर्याय आहे, सक्ती नाही. साडीचं नाव त्या यादीत नसलं तरी साडीला कोणी अडवत नाही. पोशाखाच्या बाबतीत सगळ्यांत कडक समजली जाणारी कंपनी म्हणजे ब्रिटिशांची क्युनार्ड. तिची ‘क्वीन मेरी २’ साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाते, तिथे संध्याकाळी सहानंतर सगळ्यांनीच नीट कपडे करायचे असतात आणि काही रात्री खास गाला, म्हणजे झोकात नटायच्या, असतात. त्या क्युनार्डनेसुद्धा आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालेल असं नियमात स्वच्छ लिहिलंय. स्कॉटिश माणूस तिथे किल्ट, म्हणजे त्यांचा चौकड्यांचा घागरा, घालून उघड्या गुडघ्यांनी जेवायला येतो आणि त्याला कोणी काही म्हणत नाही. दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियनसारख्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे फॉर्मल रात्रीची सक्तीच नसते. तुमची बोट या दोघांच्या मधली.

आणि हा नियम असतो मुख्य डायनिंग रूमपुरता. बुफे, पिझ्झाचा काउंटर, डेकवरची खाण्याची ठिकाणं इथे त्या रात्रीही रोजचे कपडे चालतात. तेव्हा तुमच्या यजमानांनी दिलेली धमकी कंपनीला आधीच मंजूर आहे! त्यावर नंतर येते.

आता टक्सिडोचं भाडं. अमेरिकेत हा धंदा चालतो तो लग्नांवर आणि शाळेच्या प्रॉमवर, म्हणजे मुलांच्या नाचाच्या पार्टीवर. दुकानात जाऊन मापं द्यायची, काही आठवडे आधी ऑर्डर नोंदवायची, कार्यक्रमाच्या दोन-चार दिवस आधी जाऊन घालून बघायचं आणि कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी परत नेऊन द्यायचं. कोट, पँट, शर्ट, बो, कफलिंक असं सगळं मिळून दीडशे ते अडीचशे डॉलरच्या घरात जातं, बूट बहुधा वेगळे. एका शनिवारच्या लग्नासाठी ही पद्धत छान आहे. तुमचं तसं नाही. तुम्ही बे एरियातून विमानाने सिएटलला जाणार, मग सात रात्री बोटीवर, मग परत विमान. म्हणजे भाड्याचे दिवस वाढवून घ्यायचे आणि उशिराचा दंड लागत नाही ना ते विचारायचं. तो सूट चुरगळू नये म्हणून लांब कव्हरमध्ये घालून विमानात न्यायचा. अमेरिकेतल्या अंतर्गत विमानात पहिल्याच चेक-इन बॅगेला बहुतेक कंपन्या पैसे घेतात, जाताना वेगळे आणि येताना वेगळे. एवढं सगळं कशासाठी, तर दोन संध्याकाळच्या दोन-दोन तासांसाठी. त्यात साठी ओलांडलेल्या, थोडं पोट असलेल्या माणसाला तयार मापाचा टक्सिडो खांद्यात बसला तर पोटावर ओढतो आणि पोटावर बसला तर खांद्यावरून उतरतो. अंगात परका कोट घालून बसलेला माणूस जेवणभर गळ्याशी बोट घालत राहतो. ‘बँडवाल्याचा कोट’ म्हणताना यजमानांच्या डोळ्यांसमोर नेमकं हेच असणार.

मिरजेहून किंवा कोल्हापुरातून भाड्याने न्यायचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. आपल्याकडे शेरवानी-कोटाचं भाडं दोन-तीन दिवसांच्या हिशोबाने असतं, वर डिपॉझिट. तीन महिने तो कोट अमेरिकेत फिरून आला तर तेवढ्या भाड्यात दुकानदाराचे दोन कोट शिवून होतील.

भाड्याचा टक्सिडो कधीच घेऊ नये असं नाही. ज्याला नटायची हौस आहे, ज्याच्या अंगाला तयार माप बसतं आणि ज्याच्या बोटीवर अशा तीन-चार रात्री आहेत, त्याने जरूर घ्यावा. जावयांना स्वतःसाठी हवा असेल तर घेऊ दे त्यांना, फोटो छान येतील.

यजमानांसाठी आधी कपाट उघडा. लेकीच्या लग्नातला सूट असेलच. गडद निळा, काळा किंवा कोळशाच्या रंगाचा असेल तर काम झालं. शिंप्याकडे नेऊन बघा. पँटच्या कमरेच्या शिवणीत माया असते, इंच-दीड इंच सैल करता येते. कोटाची बटणं लागत नसतील तर मात्र ओढून ताणून बसवू नका. मग एक बंद गळ्याचा कोट शिवून घ्या, दुकानात ज्याला जोधपुरी म्हणतात तो. १८० डॉलर म्हणजे आजच्या भावाने पंधरा हजार रुपयांच्या वर. तेवढ्यात मिरजेत चांगल्या टेरीवूलचा कोट आणि पँट शिवून होते, ती परत द्यावी लागत नाही आणि पुढच्या प्रत्येक लग्नात उपयोगी पडते. रंग गडद निळा, बटणं साधी, जरीकाम शून्य. टाय नाही, बो नाही, गळ्याला बोचणारं काही नाही. शेरवानी मात्र नको. ती गुडघ्याखाली जाते, बॅगेत जागा खाते आणि बोटीच्या जिन्यावर पायात येते. मेमध्ये निघायचंय तर शिंप्याला आत्ताच कपडा द्या. लग्नसराईत शिंपी ‘परवा नक्की’ म्हणतो तो परवा कधी उजाडेल याचा नेम नसतो.

एकच कोट दोन्ही रात्री चालतो. आतला शर्ट बदलला की झालं. आणि जाताना तो कोट विमानात अंगावर घालूनच जा. विमानात थंडी वाजतेच, शिवाय बॅगेतलं किलोभर वजन कमी होतं.

वजनाचा विषय निघालाच आहे तर सांगते, तुमच्या बॅगेतली खरी जागा फॉर्मल कपडे खाणार नाहीत, अलास्का खाणार आहे. जूनमध्ये अलास्कातल्या जुनोला दुपारी सोळा-सतरा अंश असतं आणि बर्फाच्या कड्यांपाशी डेकवर वारा सुटला की त्याहून बरंच कमी वाटतं. तिथल्याच केचिकन बंदराला बोट लागली तर तिथे वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरापेक्षा हा कमी, पण आपला चार महिन्यांत उरकतो आणि त्यांचा बारा महिने चालतो. पाणी आत न येऊ देणारं जॅकेट, आत घालायचं गरम काहीतरी, टोपी, जाड मोजे आणि ओल्या जमिनीवर न घसरणारे बूट याला पर्याय नाही. म्हणून फॉर्मल कपड्यांना दोघांची मिळून एक छोटी केबिन बॅग, एवढीच जागा ठरवून टाका. जे त्यात मावत नाही ते येत नाही.

आता पैठणी. पत्रातलं खरं पत्र हेच आहे असं मला वाटलं. इतकी वर्षं कपाटात जपून ठेवलेली साडी नेसायला निमित्त हवंय आणि ते चालून आलंय. न्या. पण नीट न्या. ठेवणीतल्या साड्या सर्वांत जास्त फाटतात त्या घडीवर, कारण जर एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं दुमडलेली असते. आत्ताच बाहेर काढा, सावलीत तासभर पसरून ठेवा, काठाजवळची आणि पदराची घडी उजेडात धरून बघा. रेशीम विरलेलं दिसलं तर या साडीने प्रवास करू नये. धड असेल तर नवीन ठिकाणी घडी घाला, पदराचा जरीचा भाग आत येऊ द्या, मधे मलमलचा तुकडा घाला आणि जुन्या धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको, डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. ही साडी चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. बोटीवर चढतानाही तेच: मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि त्या खोलीपाशी कधी कधी संध्याकाळी येतात. औषधं आणि पैठणी आपल्या हातात असावी.

इस्त्रीची चिंता करू नका, पण घरून प्रवासी इस्त्री किंवा वाफेचं यंत्रही नेऊ नका. आगीच्या भीतीने बोटीवर ती खोलीत चालत नाहीत, तपासणीत काढून घेतात. प्रिन्सेसच्या बहुतेक बोटींवर प्रवाशांसाठी लाँड्रीची खोली असते, तिथे इस्त्री आणि टेबल मिळतं. यजमानांचा शर्ट तिथे कडक करून घ्या. पैठणीला त्या इस्त्रीजवळ नेऊ नका. आदल्या रात्री हँगरवर सोडून ठेवली की पुरे. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे दोन-तीन हूक नेलेत तर कपडे टांगायला बरं पडतं. आतली खोली म्हणजे दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट, त्यात दोन पलंग. यजमानांना नेसायच्या वेळी बाहेर पिटाळा, नाहीतर निऱ्या घालायलाही जागा मिळायची नाही.

पहिली फॉर्मल रात्र बहुधा दुसऱ्याच दिवशी येते, कारण त्या दिवशी बोट कुठल्या बंदराला लागत नाही, सगळे दिवसभर बोटीवर असतात आणि आवरायला वेळ असतो. सिएटलहून सुटलेली बोट तेव्हा सहसा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जात असते आणि थोडी डुलते. म्हणून पहिल्या रात्री पैठणी नको. हलकी साडी नेसा, माहेश्वरी किंवा नारायणपेठ, बोटभर वर नेसलेली, निऱ्यांना आणि पदराला पिना लावून. पायात सपाट, तळ पकडणारी चप्पल. कोल्हापुरीचा मोह होईल. २०२५ मध्ये प्राडाने तसल्याच चपला मिलानच्या रॅम्पवर चालवल्या आणि आपल्याकडे केवढा गहजब झाला, तेव्हा मिरवायला हरकत नाही. पण कातड्याचा गुळगुळीत तळ पॉलिश केलेल्या फरशीवर आणि ओल्या डेकवर सरकतो. गालिचा असलेल्या डायनिंग रूमपुरतीच घाला. पैठणी दुसऱ्या फॉर्मल रात्रीसाठी ठेवा. तोवर बोटीचं डुलणं अंगवळणी पडलेलं असेल.

ब्लाउज आज घालून बघा. उद्या नव्हे, आज. पैठणी पंचवीस वर्षं टिकते, तिच्यावरचा ब्लाउज पाच वर्षंही अंगाला होत नाही. बाह्या पूर्ण किंवा कोपरापर्यंतच्या शिवून घेतल्यात तर उत्तम, कारण डायनिंग रूममध्ये एसी बऱ्यापैकी गार असतो. वर एक पश्मिन्यासारखी शाल. सोनं घरी लॉकरमध्ये राहू द्या, मोत्यांची तन्मणी आणि कुड्या पैठणीवर जास्त शोभतात आणि वजनालाही काही नाहीत. अत्तर किंवा स्प्रे आधी मारा, साडी नंतर नेसा. जरीवर उडालं की ती काळी पडते.

लेकीचं म्हणणं, लोक बघतील. बघतील ना. कोणी येऊन विचारतील, हात लावून बघू का म्हणतील, एखादी आजीबाई फोटो मागेल. तुम्हाला हे आवडत असेल तर प्रश्न मिटला. पण लेकीवर चिडू नका. ती तिथे रोज नोकरीला जाते, चारचौघांत उठून न दिसण्याची सवय तिथे राहणाऱ्या पुष्कळ जणींना लागते, त्यात आईची लाज वगैरे काही नसते. तिला सांगा की गाऊन नको. आयुष्यात पहिल्यांदा गाऊन घालायचा आणि तो सावरत, खांद्यावरची पट्टी वर ओढत तीन तास बसायचं, हे काही सुट्टीचं लक्षण नाही. उलट तुमच्या बॅगेत तिच्यासाठी एक हलकी साडी आणि ब्लाउज टाका आणि नेस म्हणून आग्रह मात्र करू नका. दुसऱ्या रात्री आईला नेसताना बघून तिचं तिलाच वाटलं तर वाटेल.

नातवाला मोकळं सोडा. कॉलरचा शर्ट आणि पूर्ण लांबीची गडद पँट एवढं पुरतं. कोट हवाच असेल तर गुडविलसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतो किंवा महाराष्ट्र मंडळातल्या एखाद्या घरातून, ज्यांचा मुलगा गेल्या वर्षी या मापाचा होता, मागून आणता येतो. तेरा वर्षांच्या मुलासाठी नवा ब्लेझर घेणं म्हणजे दिवाळीपर्यंत आखूड होणारी वस्तू विकत घेणं.

राहिले यजमान. त्यांच्याशी सौदा करा. दोन रात्रींतली एक तुमची, एक त्यांची. पैठणीच्या रात्री त्यांनी कोट घालून तुमच्या शेजारी बसायचं, पहिल्या रात्री त्यांना खुशाल बुफेत जाऊ द्या, तुम्ही लेकीसोबत डायनिंग रूममध्ये जेवा. चाळीस वर्षं बँकेत कडक इस्त्रीचे कपडे घातलेल्या माणसाला निवृत्तीनंतर गळ्याचं बटण लावायचा कंटाळा येत असेल तर तो समजून घ्यायला हवा. शिवाय फॉर्मल रात्रीच्या मेनूत लॉबस्टर असायची परंपरा आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच हेड वेटरला सांगून ठेवा, भारतीय शाकाहारी जेवण सहसा करून देतात. जेवणाआधी किंवा नंतर बोटीच्या मधल्या चौकात ग्लासांचा मनोरा रचून वरून शॅम्पेन ओततात. तो बघायला मात्र त्यांना ओढून न्या, त्यांना आवडेल. जागोजागी पडदे लावून बोटीचे फोटोग्राफर उभे असतात. फोटो काढून घ्यायला पैसे पडत नाहीत, विकत घ्यायला पडतात आणि बरेच पडतात. त्यापेक्षा जेवण झाल्यावर डेकवर जा. जूनमध्ये त्या बाजूला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जेवून बाहेर आलात तरी लख्ख उजेड असतो. नातवाच्या हातात फोन द्या.

ता. क. कपड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. सिएटलहून सुटून सिएटललाच परतणाऱ्या अलास्काच्या बोटी वाटेत कॅनडात, बहुधा व्हिक्टोरियाला थांबतात. या बोटींची नोंदणी परदेशातली असते आणि अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे अशा फेरीत एक तरी परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर तुम्हा दोघांना कॅनडाचाही व्हिसा लागेल, अमेरिकेच्या व्हिसावर भागत नाही. जावई अजून एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असतील तर त्यांनाही लागेल. ग्रीन कार्ड असेल तर नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, वेळ जातो. शिंप्याकडे जायच्या आधी आज रात्री लेकीला फोन करून तिने हे बघितलंय का ते विचारा.